वहीतले अडतीस बहुकोन

४ जून

ती. काकांना,

वाकून नमस्कार, आणि काकूला वेगळी मिठी.

तुमचा नियम अजून पाळते आहे: कोड पडद्यावर, माणसं कागदावर. ऑफिसातले लोक मला पाकिटावर तिकीट चिकटवताना बघतात आणि विचारतात, हे कुठल्या शतकातलं प्रेमप्रकरण? मी सांगते, काका आहेत, त्यांना मेल पाठवली तर ते आधी ती छापून घेतात आणि मग चष्मा शोधतात.

आता कामाचं. आपल्या रॅपरला यंदा दहा वर्षं होतील. तुम्ही सी प्लस प्लसमध्ये बांधलेल्या भूमितीच्या लायब्ररीला पायथनमधून हाक मारता यावी म्हणून मी ते तुमच्या मागच्या खोलीत बसून लिहिलं, तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तुम्ही म्हणाला होतात, "रॅपर म्हणजे गोळीचा कागद. चघळायची ती गोळी." आज कितीतरी ठिकाणी लोक ती गोळी कागदासकट चघळतात. तुमची जुनी नकाशा कचेरी तर रोज. दोन नकाशे एकमेकांवर ठेवायचे, कुणाची हद्द कुणात शिरते ते बघायचं, मधे किती जागा उरते ते काढायचं, सगळं त्यातूनच. पण कागद आता फाटायला लागलाय. म्हणून नवी आवृत्ती करायची म्हणते.

मोठं काम कॉपीचं. आज पायथनकडचा एकेक बहुकोन, त्यातला एकेक बिंदू उचलून तुमच्या लायब्ररीच्या हातात द्यावा लागतो. घर बदलताना धान्याचा डबा न उचलता एकेक दाणा नेण्यासारखं. मला डबाच द्यायचाय. बिंदूंचा अख्खा ॲरे जागच्या जागी ठेवायचा आणि लायब्ररीला नुसतं बोट दाखवायचं, इथून वाच. एका हाकेत हजारो बहुकोन. दुसरं चुकांचं. तुमची लायब्ररी अडली की "उणे सात" म्हणते आणि गप्प बसते. उणे सात म्हणजे काय हे जगात आपल्या दोघांनाच माहीत आहे, आणि त्यातली मी विसरते. तिथे माणसाला कळेल असं वाक्य हवं. आणि बसवणं सोपं हवं. अजून लोक दोन दोन दिवस झगडतात आणि मला शिव्या देतात.

आणखी एक. आमच्या ऑफिसात दर गुरुवारी एक निवृत्त प्राध्यापक येतात. भूमितीचं त्यांचंही एक इंजिन आहे, स्वतः बांधलेलं. सर म्हणतात, रॅपर एक ठेवावं आणि खाली इंजिनं दोन. वापरणाऱ्यानं हवं ते निवडावं. मला सरांची कल्पना पटली. सर फार हळू बोलतात, पण एकदा बोलले की पुन्हा विचारावं लागत नाही. तुमचा विषय निघाल्यावर सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तो अजून कविता म्हणतो का?" सर तुम्हाला कुठून ओळखतात?

तुमची ती वाकड्या बहुकोनांची वही पाठवाल का? नवी आवृत्ती तिच्यावर घासून बघायची आहे.

तुमची,
टिंबू


१५ जून

चि. टिंबू,

डोक्यावर उरलेल्या केसांइतके आशीर्वाद, म्हणजे मोजके पण टिकाऊ.

तुझं पत्र काकूनं वाचून दाखवलं. माझ्या डाव्या डोळ्यापुढे सध्या धुकं आहे. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू अजून पिकायचाय, पिकला की काढू. तिचं वाचून झाल्यावर मी पत्र हातात घेतलं आणि उजव्या डोळ्यानं मोजलं. 'सर' पाच वेळा. 'काका' दोनदा, त्यातला एक मायन्यातला, तो धरत नाहीत. काकू म्हणाली, "मोजा. आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजल्यात, आता पुतणीच्या पत्रातले शब्द मोजा."

तुझा बेत चांगला आहे. धान्याच्या डब्याचा दृष्टांत तर इतका चांगला आहे की तो मला आधी का सुचला नाही असं वाटून गेलं. 'उणे सात' काढून टाक. मी तरुण होतो तेव्हा वाटायचं, ज्याला आकडा कळत नाही त्यानं भूमितीच्या वाटेला जाऊ नये. तरुणपणी माणूस असाच उद्धट असतो आणि त्याला तत्त्व म्हणतो.

आता तुझे सर. उंच आहेत, खुर्चीत बसले की गुडघे टेबलाच्या वर येतात, बरोबर? तो कर्कटक. शाळेत आम्ही त्याला तेच म्हणायचो. पाचवीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. आमचे मास्तर भूमिती आणि कविता दोन्ही शिकवत. दुपारी खडूची धूळ उन्हाच्या तिरीपेत तरंगायची आणि सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. आजही डोळे मिटले की तो सूर ऐकू येतो, शब्द नाही आले तरी चाल येते. कविता म्हणायला मास्तर मला उभं करत. "काय गळा आहे," म्हणत. आणि फळ्यावर वर्तुळ काढायला त्याला. तो काढायचा ते वर्तुळ जिथून निघालं तिथेच येऊन मिळायचं, केसाचाही फरक नाही. मास्तर काही बोलायचे नाहीत, नुसते बघत राहायचे. टिंबू, माझ्या गळ्याची रोज स्तुती व्हायची आणि मला रोज वाटायचं, एकदा तरी मास्तरांनी माझ्याकडे तसं न बोलता बघावं.

पुढे नकाशा कचेरीतही आम्ही बरोबर होतो. सहा वर्षं. मग एका क्षुल्लक गोष्टीवरून तो उठून गेला. मी म्हटलं, हिशेबात थोडं चालवून घ्यावं लागतं. तो म्हणाला, भूमितीत चालवून घेणं नसतं. तो विद्यापीठात गेला, मी राहिलो. त्यानंतर त्यानं मला पत्र नाही, मी त्याला नाही.

एक रॅपर आणि दोन इंजिनं. एका म्यानात दोन तलवारी, असं आपल्याकडे म्हणतात आणि पुढे काय होतं तेही सांगतात. पण म्यान तुझं आहे.

वही पाठवतो. सवडीनं.

तुझा,
(पाचांतलं एकही 'सर' वाट्याला न आलेला)
काका


२ जुलै

प्रिय काका,

काका, काका, काका. फिटलं?

कर्कटक म्हटल्यावर सर एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. चाळीस वर्षांत कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती म्हणाले. मग म्हणाले, "त्याला सांग, वर्तुळ मी काढायचो, पण वर्ग डोळे मिटून ऐकायचा तो त्याला." हे मी जसंच्या तसं लिहिते आहे.

मुद्दा असा अडलाय. दोन्ही इंजिनं ठेवायची हे ठरलं, पण मूळ इंजिन कुठलं? म्हणजे वापरणाऱ्यानं काहीच निवडलं नाही तर आपोआप चालेल ते. काका, शंभरातले नव्वद लोक काही निवडत नाहीत. मूळ असेल तेच चालतं, दुसरं फळीवर पडून राहतं. मीटिंगमध्ये दोन तट पडले. शेवटी सरच म्हणाले, "त्याच्या वहीवर दोन्ही चालवून बघा. त्याच्याइतका खडूस परीक्षक दुसरा नाही. वही काय म्हणेल ते मला मान्य."

तेव्हा वही लवकर पाठवा. सगळे तुमच्या पाकिटाची वाट बघताहेत.

टिंबू

ता. क. डोळ्याचं काय म्हणतात डॉक्टर? लपवू नका.


११ जुलै

चि. टिंबू,

उदंड आशीर्वाद.

वही फार जुनी झाली आहे, टपालात टिकली नसती. म्हणून सगळे बहुकोन नव्या कागदावर उतरवून पाठवतो आहे. अडतीस आहेत. प्रत्येकाखाली बिंदूंचे आकडे आणि बरोबर उत्तर लिहिलं आहे. स्वतःलाच छेदणारे, एकच बिंदू दोनदा आलेले, भोक कडेला चिकटलेले, उलट्या दिशेनं फिरलेले. सगळी द्वाड पोरं आहेत.

शेवटची काही पानं चहा सांडून वाचता येईनाशी झाली होती. ती सोडली. त्यात विशेष काही नव्हतं.

कर्कटकाला माझा नमस्कार सांग. तो बोलला ते चांगलं बोलला. तू नवी आवृत्ती मन लावून कर, वेळेवर जेव. इकडे सगळं ठीक आहे. डोळा पिकतो आहे.

काका


२० ऑगस्ट

प्रिय काका,

बसून वाचा.

तुमचं इंजिन: अडतीसपैकी अडतीस. सरांचं: एकतीस. सात बहुकोनांना त्यांच्या इंजिनानं हातच लावला नाही, "हा बहुकोन शुद्ध नाही" म्हणून परत केले. आणि जे सोडवले त्यांना तुमच्यापेक्षा आठपट वेळ घेतला. ते सगळं अपूर्णांकात तंतोतंत करत बसतात ना.

मीटिंगमध्ये आकडे दाखवले तेव्हा सर बराच वेळ कागद उलटत होते. मग त्यांनी एवढंच विचारलं, "वहीत अडतीसच होते?"

काका, मला इतका राग आला. हरल्यावर असं विचारतात का? मी सगळ्यांसमोर उठून म्हटलं, "सर, ती माझ्या काकांची वही आहे. त्यांच्याकडून काही मागे राहिलं असेल तर ते चहानं खाल्लं असेल, त्यांनी नाही. मी शब्द देते." ते म्हणाले, "मग झालं," आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

तर मूळ इंजिन तुमचं. नवी आवृत्ती पुढच्या आठवड्यात नकाशा कचेरीला चाचणीसाठी देते आहे. अख्ख्या तालुक्याचा नकाशा एका हाकेत. आधी पाच तास लागायचे, आता अकरा मिनिटं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे उरलेल्या वेळात तू घरी येशील का?" यांना कशाचं कौतुकच नाही.

काकूला सांगा, तिच्या नवऱ्यानं मैदान मारलं.

टिंबू


२८ ऑगस्ट

चि. टिंबू,

तुला शंभर आशीर्वाद आणि वर अडतीस.

आज सकाळी उठलो तर खिडकीबाहेरचं झाड मला नव्यानं पान फुटल्यासारखं दिसलं. काकू म्हणते, ते झाड चार वर्षांपूर्वी वठलंय, डोळे तपासा. तिला काय ठाऊक. मला आज सगळंच दिसतंय. बाक दिसतोय, खडूची धूळ दिसतेय, आणि फळ्यापाशी उभा असलेला तो उंच मुलगा, ज्याच्या हातातलं वर्तुळ आज सात ठिकाणी तुटलं.

पहाटे दोन ओळी सुचल्या:

अडतीस वाटा, अडतीस काटे, पायी एक न रुतला;
तंतोतंत जो चालत होता, तो सातांतच गुंतला.

काकूला ऐकवल्या. ती म्हणाली, "यमक जुळलं म्हणून माणूस मोठा होत नाही." मी म्हटलं, असूया आहे तुला. ती म्हणाली, "मला? घरात ती एकाच माणसाला पुरेल एवढी आहे."

त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला म्हणतेस. कुठल्या खिशात? वरच्या की पँटच्या? चेहरा कसा होता? पुढच्या पत्रात जरा सविस्तर लिही. आठपट वेळ हेही पुन्हा एकदा लिही, काकूनं ते घाईत वाचलं.

विजयी,
काका


३ ऑक्टोबर

काका,

वाईट बातमी आहे. कुणाला सांगावं कळत नाही, म्हणून तुम्हाला.

नकाशा कचेरीतून तक्रार आली. अख्ख्या तालुक्याचा नकाशा चालवला तेव्हा नदी आणि रस्ता यांच्यामधल्या काही चिंचोळ्या जमिनी निकालातून नाहीशा झाल्या. क्षेत्रफळ शून्य. त्यातली एक जमीन दोन खोल्यांएवढी लांब आणि तीन पावलं रुंद आहे, तिथे एक बाई रोपं विकते. ती कचेरीत येऊन म्हणाली, "मी रोज जिथे उभी राहते ते तुमच्या नकाशात नाहीच म्हणता, मग मी उभी कुठे राहते?" चाचणीच होती, कागदावर काही गेलं नाही, पण आम्ही नवी आवृत्ती थांबवली.

तोच नकाशा जुन्या रॅपरमधून एकेक बहुकोन करत चालवला की सगळं बरोबर येतं. म्हणजे दोष मी नवं केलं त्यात आहे. ॲरे जागच्या जागी ठेवून बोट दाखवायचं, तिथेच. माझा अंदाज असा की तुमची लायब्ररी वाचत असतानाच पायथन ती जागा रिकामी करून टाकतं आणि काही बिंदू मधल्या मधे पुसले जातात. तीन आठवडे मी तेवढंच शोधते आहे. एकेक ओळ. सापडत नाही. सर म्हणाले, मी बघू का? मी नको म्हटलं. त्या दिवशी त्यांना तसं बोलल्यावर आता कोणत्या तोंडानं बसवू त्यांना शेजारी?

तुमच्या लायब्ररीवर मला संशय नाही. अडतीसपैकी अडतीस. माझंच कुठेतरी कमी पडतंय.

तुम्हाला काही सुचतं का?

टिंबू


१२ ऑक्टोबर

चि. टिंबू,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू फार दगदग करतेस. अशा गोष्टी कधी कधी आपोआप सापडतात, नाद सोडला की. थोडी विश्रांती घे. चार दिवस इकडे ये, काकू वाट बघते आहे.

डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. हवा बरी आहे. पलीकडच्या गल्लीतला शिंपी वारला, तुला आठवत असेल, तुझा पहिला लांब फ्रॉक त्यानं शिवला होता.

मला विशेष काही सुचत नाही.

काका


२५ ऑक्टोबर

काका,

यायला जमणार नाही. ठरवलं ते कळवते.

ॲरेचं सगळं काम काढून टाकते आहे. रॅपर पुन्हा पहिल्यासारखं एकेक बिंदू नेईल. पाच तास तर पाच तास, पण कुणाची जमीन जाणार नाही. आणि त्याची जबाबदारी मी सोडते आहे. एक तारखेला ऑफिसातल्या दुसऱ्या मुलीकडे देणार. ज्याला सहा आठवड्यांत स्वतःची चूक सापडत नाही त्यानं इतरांच्या हद्दींशी खेळू नये.

वाईट वाटून घेऊ नका. गोळी तुमची चांगलीच होती. कागद माझा होता.

टिंबू


२६ ऑक्टोबर

चि. टिंबू,

हे पत्र पोचेपर्यंत तू काहीही काढून टाकू नकोस. माणसाच्या हाती पाठवतो आहे, टपालावर विश्वास नाही.

तुझं पत्र काकूनं दुपारी वाचून दाखवलं. ती वाटाणे सोलत होती आणि मधे मधे थांबून वाचत होती. शेवटच्या ओळीनंतर तिनं पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "पोरगी स्वतःला कमी म्हणते. ती कमी पडणाऱ्यातली आहे का हो?" मी सोललेले वाटाणे वाटीत सारत राहिलो. तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग हे तिला कोण सांगणार? शिंप्याची बातमी कळवलीत तशी हीही कळवा की."

टिंबू, चूक तुझ्या कोडमध्ये नाही. माझ्यात आहे. लायब्ररीत आहे असं लिहिणार होतो, पण आधी माझ्यात होती.

वहीत अडतीस बहुकोन नव्हते. सत्तेचाळीस होते. शेवटच्या नऊ पानांवर चहा सांडला नव्हता. मी ती पट्टी लावून, पातं घेऊन कापली. फार सरळ कापली. हात अजून चांगला आहे.

ते नऊ बहुकोन मोठ्या नकाशातल्या चिंचोळ्या पट्ट्यांचे आहेत. माझी लायब्ररी दोन बिंदू फार जवळ असले की त्यांना एकच समजते. किती जवळ, हे ती नकाशाच्या आकारावरून ठरवते. तू एकेक बहुकोन देत होतीस तेव्हा ते अंतर केसाएवढं असायचं, कुणाच्या लक्षात आलं नाही. तू अख्खा तालुका एकदम दिलास, नकाशा मोठा झाला, त्याबरोबर ते अंतरही वाढलं, आणि तीन पावलांची जमीन तिला रेघ वाटली. तुझं बोट बरोबर जागी होतं. वाचणारा आंधळा होता.

कर्कटक कचेरीतून उठून गेला तो क्षुल्लक गोष्टीवरून नव्हे. तो याच अंतराबद्दल म्हणाला होता, "हे एक दिवस कुणाची तरी जमीन खाईल." मी म्हटलं, तू कवितेतला अनुस्वार मोजणारा माणूस आहेस, तुला कविता कधी कळली नाही. सगळी कचेरी हसली. तो हसला नाही. पुढची पंधरा वर्षं मी गुपचूप तसे बहुकोन गोळा करत राहिलो, माझ्या लायब्ररीला न सुटणारे, की एक दिवस सोडवीन आणि त्याला दाखवीन. नऊ झाले. एकही सुटला नाही.

आणि मग तू लिहिलंस की सर म्हणतात. तू माझ्या मागच्या खोलीत वाढलीस. माझ्या टेबलाखाली बसून पहिले बिंदू काढलेस, म्हणून तुझं नाव टिंबू पडलं. मला वाटलं, शाळेत वर्तुळ त्याचं होतं, आता हाही बिंदू तो घेऊन जाणार. तेव्हा मी पातं उचललं. यात भूमिती कुठेच नव्हती.

तुझं तीन ऑक्टोबरचं पत्र ऐकलं त्याच क्षणी मला काय झालंय ते कळलं होतं. तरी मी तुला विश्रांती घे म्हणून लिहिलं. हे सगळ्यांत वाईट. पानं कापली ती हेव्यानं. गप्प बसलो ते मात्र भ्याडपणानं. तू माझ्यासाठी शब्द देऊन बसली होतीस आणि मी तुला हवेबद्दल लिहिलं.

सोबत नऊ पानं. ही मूळ आहेत, उतरवलेली नाहीत.

काका


१४ नोव्हेंबर

काका,

नऊ पानं मिळाली. नऊही चालवले.

तुमचं इंजिन: शून्य. सरांचं: नऊ.

मी मीटिंग बोलावली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मी दिलेला शब्द खोटा होता. कारण विचारलं तेव्हा तेही सांगितलं. सोपं नव्हतं. सरांनी ती नऊ पानं मागून घेतली आणि कितीतरी वेळ बघत होते. मला वाटलं आकडे तपासताहेत. मग म्हणाले, "अक्षर अजून तेच आहे."

ठरलं ते असं. मूळ इंजिन सरांचं. ते सात द्वाड बहुकोन आधी तुमच्या लायब्ररीतून सरळ करून घ्यायचे आणि मग सरांच्या इंजिनाला द्यायचे. सरांनीच सुचवलं, त्यांना ते सरळ करता येत नाहीत असं ते स्वतः म्हणाले. ॲरेचं काम राहिलं. अकरा मिनिटांचा आता दीड तास होईल, चालेल. रॅपर माझ्याकडेच आहे. रोपंवाल्या बाईची तीन पावलं परत आली.

आता माझं. तीन आठवडे मी माझ्याच घरात चोर शोधत होते, आणि तुम्ही खिडकीतून बघत होतात. हे मला विसरता येत नाहीये. तुम्हाला हेवा वाटला यानं मला काही वाटलं नाही, हेवा मलाही वाटतो, रोज वाटतो. पण मी स्वतःला कमी म्हटलं तेव्हाही तुम्ही गप्प होतात.

ऑपरेशन नीट झालं हे काकूनं कळवलं. डोळ्यात थेंब वेळेवर घाला. मी पत्र लिहीन, पण लगेच नाही. वाट बघू नका.

टिंबू


२० डिसेंबर

प्रिय कर्कटक,

मायना चुकला असेल तर सोडून दे, चाळीस वर्षांत सवय मोडली आहे.

डोळा आता स्वच्छ झाला आहे. पट्टी निघाल्यावर पहिलं काम केलं ते लाजिरवाणं आहे. पुतणीच्या रॅपरमधून, आयुष्यात पहिल्यांदा पायथन लिहून, ते नऊ बहुकोन तुझ्या इंजिनावर चालवले. तिनं चुकांसाठी लिहिलेली वाक्यं फार उपयोगी पडली. एकदा तर "बिंदू कमी आहेत, किमान तीन द्या" असं मला माझ्याच घरात ऐकून घ्यावं लागलं. ती माझ्याशी सध्या बोलत नाही, पण तिचं रॅपर बोलतं. तेवढ्यावर दिवस काढतो.

नऊही सुटले. पाचवा तू कसा सोडवलास ते आत जाऊन वाचलं. दोनदा वाचलं. मग खुर्ची मागे सारून भिंतीकडे बघत बसलो. काकू म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, पोटात दुखतंय. खरंच दुखत होतं. इतकं सुंदर मला सुचलं असतं तर मी गावभर सांगत सुटलो असतो, आणि तू ते एका फंक्शनमध्ये, एक ओळ टिपणही न लिहिता, टाकून दिलं आहेस.

अनुस्वाराचं मी बोललो होतो ते सगळ्यांसमोर बोललो होतो. माफी एकट्यात मागतो आहे, हे बरोबर नाही. पण कचेरीतले त्या वेळचे लोक आता आपण दोघेच उरलो आहोत, तेव्हा इथे लिहिली म्हणजे सगळ्यांसमोरच झाली असं समज.

सोबत एक बहुकोन पाठवतो. महिनाभर खपून केला आहे. अठ्ठेचाळिसावा. तुझ्या आणि माझ्या, दोन्ही इंजिनांना तो सुटत नाही. चालवून खात्री केली आहे. उत्तर मला माहीत नाही. या वेळी पानाखाली तसं लिहिलं आहे.

बघ जमतोय का. जमला तर टिंबूला लगेच सांग, तिला रॅपरसाठी हवा असेल. मला मात्र चार दिवस उशिरा कळव.

तुझ्या बाकावरचा